नवरा बोटीवर आहे

मी एक कादंबरी बोलतेय. लगेच सावरून बसू नका आणि चष्माही पुसू नका, मी तसली कादंबरी नाही. माझ्यावर कुणी परिसंवाद घेतलेला नाही, मला कसला पुरस्कार नाही, आणि माझ्या एकाही वाक्याखाली कुणी पेन्सिलीनं रेघ ओढलेली नाही. एका पानावर चहाच्या कपाचा गोल डाग आहे, तेवढाच काय तो माझा गौरव.

माझं नाव ‘नवरा बोटीवर आहे’. हसलात ना? हसा. नाव ऐकून हसणारेच पुढे ताटातलं जेवण थंड करून मला वाचत बसतात, हा माझा अनुभव आहे.

माझी लेखिका एका साप्ताहिकासाठी दर आठवड्याला एक प्रकरण लिहायची. मागच्या आठवड्यात काय लिहिलं होतं ते तिला आठवायचंच असं नाही. त्यामुळे माझ्या नायिकेचे डोळे सुरुवातीला घारे आहेत आणि मध्यावर काळेभोर. घरमालकिणीचं मांजर एकदा मरतं, आणि दोन प्रकरणांनंतर खिडकीत बसून दूध पितं. मुखपृष्ठावर छत्री घेतलेली एक बाई आहे. माझ्यात छत्री कुठंच नाही. चित्रकारानं मला वाचायचे कष्ट घेतले नसावेत, आणि त्याला तरी काय दोष द्यायचा?

गोष्ट थोडक्यात सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. माझ्या नायिकेला नव्या शहरात खोली हवी असते. घरमालकीण एकट्या बाईला खोली देत नाही. मग ही बिनदिक्कत ठोकून देते, की माझं लग्न झालंय, नवरा बोटीवर आहे. पुराव्याला जुन्या बाजारातून पुरुषाचे जोडे आणून दाराबाहेर ठेवते. एक शर्टही आणते आणि दर रविवारी तो धुऊन दोरीवर वाळत घालते. मग घरमालकिणीचा भाचा, जनावरांचा डॉक्टर, तिच्या प्रेमात पडतो. हीही पडते. पण आता ही पडली लग्नाची बाई! खरं काय ते सांगून मोकळं व्हायचं सोडून ही काय करते? त्या नवऱ्याला बुडवते. बोटीसकट.

तुम्ही म्हणाल, हे काय कथानक झालं? मीही तेच म्हणते. हिनं दुसरीकडे खोली बघितली असती, तर मी चार पानांत आटोपले असते. नायिका खोटारडी, नायक घुम्या, नायिकेची मैत्रीण उसने कपडे नेऊन परत न करणारी. चांगलं म्हणावं असं माझ्यात एकच पात्र आहे, ते मांजर. आणि तेही जिवंत आहे की नाही, ते नक्की नाही.

माझी पहिली मालकीण समीक्षक होती. ती मला एका जाडजूड ग्रंथाच्या पोटात लपवून वाचायची. पुढे तिचा पाय मोडला आणि ती इस्पितळात पडून राहिली, तेव्हा मीही बरोबर होते. कुणी भेटायला आलं की ती मला पटकन उशीच्या अभ्र्यात ढकलायची आणि चेहऱ्यावर गंभीर भाव आणायची. एक दिवस त्या ढकलाढकलीत अभ्रा टरकन फाटला. वॉर्डातल्या आयाबाईंनी उशीसकट तो खालच्या शिवणखोलीत पाठवून दिला.

“उशीत वीट घातलीय की काय कुणी?” इस्त्रीवाल्या मावशींनी हात घालून मला बाहेर ओढलं. मुखपृष्ठ बघितलं आणि हसून आयाबाईंच्या हाती मला परत वर पाठवलं.

माझ्या मालकिणीनं माझ्याकडे नीट बघितलं. तीन वेळा वाचलं होतं तिनं मला. “छे! माझं नाही,” ती म्हणाली. “मी असलं वाचत नाही.”

मला राग नाही आला. तिच्या डोळ्यांतल्या पाण्यानं माझं शेवटचं पान अजून फुगलेलं आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हटलं, राहू दे. अशी मी शिवणखोलीची झाले.

शिवणखोली म्हणजे तळघरात, लांबलचक बोळाच्या टोकाला. खिडकी इतकी उंच की तिच्यातून नुसते येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय दिसायचे. इथं चादरी, अभ्रे आणि पेशंटचे झगे शिवायचे, फाटले की दुरुस्त करायचे. सकाळी मशीन चालायची, तेव्हा शेजारणीचंही बोलणं ऐकू यायचं नाही. दुपारी हातकाम असायचं. झग्यांना बंद लावा, बटणं लावा, तुरपाई करा. त्या वेळी खोली शांत असायची, आणि मग मी निघायचे.

वाचायच्या बटणकाकू. त्यांचा आवाज खणखणीत होता, आणि त्या नायकाचं बोलणं नाकात वाचायच्या. त्यांच्या वाटणीची बटणं बाकीच्या आपापसांत वाटून घ्यायच्या, असा खोलीचा नियमच झाला होता. इस्त्रीवाल्या मावशी गरम इस्त्री हातात धरून ऐकायच्या आणि एखादा अभ्रा करपवायच्या. खोलीच्या प्रमुख मोठ्या बाई. त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, “तुमचं चालू द्या. मी काही ऐकत नाहीये, मी चादरी मोजतेय.” आणि थोड्या वेळानं, “थांबा थांबा, तो भाचा काय म्हणाला? परत वाचा.”

पण माझी खरी गिऱ्हाईक म्हणजे वहिनी. त्या कापड बेतायच्या. गळ्यात टेप, हातात मोठी कात्री, आणि तोंडाचा पट्टा सुरू. माझ्या नायिकेला इतक्या शिव्या आजवर कुणी दिलेल्या नाहीत.

“अगं, सांग ना त्याला खरं! तोंडात काय बोळा कोंबलाय?” त्या कात्री रोखून म्हणायच्या. “असली मैत्रीण मला असती ना, तर कपाटाला दोन कुलपं लावली असती. आणि हा घुम्या! बैलांशी बोलतो, बायकोशी कसा बोलणार? शी, काय बिनडोक पुस्तक आहे... थांबलात कशाला काकू? वाचा पुढे.”

इतकं प्रेम मला त्या समीक्षकबाईंनीही दिलं नव्हतं. त्या नुसत्या रडायच्या. वहिनी भांडायच्या.

एका दुपारी काकूंनी प्रकरण संपवलं तेव्हा नायिका खिडकीशी उभी राहून समुद्राचा विचार करत होती. वहिनींनी टेबलावर थाप मारली. “ही त्या नवऱ्याला बुडवणार! लावता पैज? सगळ्यांना माझ्याकडून चहा.”

“छे हो, इतकी काही वाईट नाही ती,” मावशी म्हणाल्या.

“वाईट नाही, पण आळशी आहे. खरं सांगण्यापेक्षा बुडवणं सोपं!”

खोली खदखदून हसली. मोठ्या बाईसुद्धा हसल्या, चादरी मोजायच्या राहिल्या. तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. वहिनींसाठी होता. त्यांचे यजमान कामावर चक्कर येऊन पडले होते. वहिनी तशाच धावल्या, गळ्यातल्या टेपसकट. त्यांच्या हाती काही लागलं नाही. पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

काकूंनी मला उचललं आणि खडू-फितींच्या खणात खाली सारून टाकलं. मी मुकाट्यानं गेले. नवरा बुडवायचा विनोद माझाच होता ना.

काही आठवड्यांनी वहिनी परत कामावर आल्या. टेप गळ्यातच होती. खण किलकिला असायचा, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं, आणि ऐकण्यासारखं काहीच नव्हतं. वहिनी बोलत नव्हत्या. विचारलं तर ‘हो’, ‘नाही’, ‘झालं’. डबा उघडायच्या आणि तसाच बंद करायच्या. बाकीच्याही जपून वागायला लागल्या. मावशींना ऊठसूट ‘मेली सुई’, ‘मेली इस्त्री’ म्हणायची सवय. आता शब्द तोंडाशी यायचा आणि त्या खोकायच्या. त्यांना खोकला झालाय असं समजून मोठ्या बाईंनी औषधसुद्धा आणून दिलं.

मग एक दिवस वहिनींनी मोठ्या बाईंना सांगितलं, “महिनाअखेरीला मी काम सोडतेय. दादा न्यायला येणार आहे. त्याच्याकडेच राहीन आता.”

“तुम्हाला जायचंय का?”

“जायचं असं नाही. पण इथं कशाला राहू? घरी गेलं की दाराशी त्यांचे जोडे. लोक म्हणतात, काढा. माझा हात होत नाही.”

मोठ्या बाईंच्या मनात होतं, जाऊ नका म्हणावं. तोंडातून काय बाहेर पडलं, तर “बरं. कात्री जमा करून जा.” वहिनी वळल्यावर त्यांनी स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला.

त्या दिवशी इस्त्रीच्या टेबलापाशी तिघींची कुजबुज झाली.

“ही अशी गेली तर भावाच्या घरी कोपऱ्यात बसून सुकून जाईल,” मावशी म्हणाल्या. “काहीतरी बोलायला पाहिजे तिच्याशी.”

“काय बोलणार? मला तर तिच्यासमोर शब्दच फुटत नाही,” मोठ्या बाई म्हणाल्या.

“ते पुस्तक काढूया? त्याला शिव्या द्यायला तरी तोंड उघडेल,” काकू म्हणाल्या.

“वेड लागलंय का? पुढच्याच प्रकरणात तो नवरा जातो, तुम्हीच पुढचं चाळून सांगितलंत ना!” मोठ्या बाई म्हणाल्या.

“मग नाही जाणार,” काकू म्हणाल्या. “मी वाचतेय ना? मी त्याला जाऊच देणार नाही.”

मला घाम फुटायचा बाकी राहिला. अहो, मी कितीही हलकीफुलकी असले तरी माझ्यात घडतं ते घडतं! तो नवरा मेल्याशिवाय माझं पुढचं एक पान उभं राहत नाही. पण कादंबरीला विचारतो कोण?

दुपारी काकूंनी मला उघडलं. घसा खाकरला आणि वाचायला लागल्या. माझ्यात लिहिलं होतं, ‘बोट बुडाली.’ काकूंनी वाचलं, “बोटीला उशीर झाला.” माझ्यात होतं, ‘घरमालकीण पांढरी फुलं घेऊन आली आणि तिच्या गळ्यात पडली.’ काकू अडखळल्या. फुलं वाचून झाली होती, आता ती परत कशी घेणार? “कारण... कारण नवऱ्याला बढती मिळाली होती.” पुढं सगळी गल्ली जमली. माणसं डोळे पुसत होती. काकूंना दरदरून घाम आला. “सगळे रडत होते,” त्या म्हणाल्या. “आनंदानं.”

“बढतीला एवढं रडतात?” मावशींनी विचारलं. बिचाऱ्या ऐकण्यात इतक्या रंगल्या होत्या, की कटात आपणही आहोत हे विसरल्या होत्या.

खोलीत सुई पडली असती तरी आवाज झाला असता. आणि सुया तर सगळ्यांच्या हातात थांबल्या होत्या.

“काकू,” वहिनी म्हणाल्या. परत आल्यापासून त्या पहिल्यांदाच आपणहून बोलत होत्या. “तो गेलाय ना?”

“कोण?”

“बोटीवरचा. बुडवलाच ना तिनं?”

“अहो, फालतू पुस्तक आहे, वहिनी. जाऊ दे. दुसरं काहीतरी वाचू.”

“फालतू आहे ते मला माहितीये. पैज मी लावली होती. जे लिहिलंय ते वाचा.”

काकूंनी मोठ्या बाईंकडे बघितलं. मोठ्या बाईंनी मान हलवली. काकूंनी पान उलटून मागं नेलं आणि पहिल्यापासून वाचलं.

ते प्रकरण असं आहे. सगळी गल्ली नायिकेच्या खोलीत भेटायला येते आणि जो कधी नव्हताच त्या माणसाच्या आठवणी सांगते. शेजारचे आजोबा म्हणतात, असा शांत मुलगा पुन्हा होणार नाही. वरच्या मजल्यावरची बाई सांगते, एकदा त्यानं माझी जड पिशवी जिन्यावरून उचलून दिली होती. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणतो, माझा स्क्रूड्रायव्हर नेला होता त्यानं, पण आता राहू दे. नायिका हसू दाबत बसलेली असते. मग घरमालकीण म्हणते, दाराशी त्याचे जोडे आहेत, ते देऊन टाकूया कुणाला तरी. नायिका जोडे उचलायला वाकते, ते मांडीवर घेते, आणि एकाएकी तिला खरंखुरं रडू फुटतं. बाजारातून आणलेले जोडे! हे एवढं एक पान माझ्यात कसं काय उतरलं, देव जाणे. त्या आठवड्यात माझ्या लेखिकेचं काय झालं होतं, ते मला कधी कळलं नाही.

काकू थांबल्या. वहिनींच्या घशातून कसलासा आवाज आला. सगळ्या धावल्या, मावशी पाण्याचा तांब्या घेऊन. बघतात तर वहिनी हसत होत्या.

“स्क्रूड्रायव्हर!” त्या म्हणाल्या. “मेलेल्या माणसाकडे स्क्रूड्रायव्हर! अहो, आमच्याकडेही असेच आले होते सगळे. एक म्हणे, किती शांत माणूस. शांत? टीव्हीवर मॅच असली की खालच्या मजल्यावरचे लोक काठीनं छत ठोकायचे. दुसरा म्हणे, कधी कुणाला दुखवलं नाही. माझ्या आईला तोंडावर सांगितलं होतं ह्यांनी, तुमचा चहा म्हणजे गरम पाणी. आई वर्षभर आली नव्हती!”

“मग?” मोठ्या बाईंनी हळूच विचारलं.

“मग काय? मी बसून ऐकत होते. मला वाटत होतं, हे लोक चुकीच्या घरी आलेत. कुणाबद्दल बोलतायत? तिचा नवरा नव्हताच, तर लोकांनी त्याला उभा केला. माझा चांगला धडधाकट होता, त्याला सगळ्यांनी मिळून पुसून टाकलं. मला रडूच येईना, बाई. रडू कुणासाठी? त्या शांत माणसासाठी? त्याला तर मी ओळखतही नाही.”

वहिनी टेपचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

“आणि तो फोन आला तेव्हा मी हसत होते,” त्या म्हणाल्या. “ते तिकडे पडले होते आणि मी इथं टेबलावर थापा मारत होते. तेव्हापासून हसायची भीतीच बसली.”

“अहो, तुम्ही काय त्यांना हसत होता?” मावशी कळवळून म्हणाल्या. “तुम्ही त्या पुस्तकातल्या मेल्याला हसत होता!”

म्हणून गेल्या आणि जीभ चावली. पण वहिनी पुन्हा हसल्या, खळखळून, आणि हसता हसता रडायला लागल्या. मग ते रडणं थांबेना. मावशींनी भर कामात इस्त्री बंद केली आणि त्यांना जवळ घेतलं. वहिनी रडत सांगत राहिल्या. ते घोरायचे कसे, पाव मुद्दाम करपवून कसे खायचे, चप्पल हरवली की दोष मलाच कसा द्यायचे. त्या खोलीत खराखुरा माणूस आला, आरडाओरडा करणारा आणि माणसांना तोंडावर बोलणारा. त्याच्यासाठी सगळ्याजणी रडल्या. मीही रडले असते, पण माझी पानं आधीच फुगलेली आहेत.

त्या दुपारी शिवलेल्या एका झग्याचे सगळे बंद एकाच बाजूला लागले. वरून नर्स तक्रार घेऊन आली. मोठ्या बाई तिच्यावरच डाफरल्या, “नवी पद्धत आहे!”

त्यानंतर रोज दुपारी मी सुरू. वहिनींच्या शिव्या परत सुरू झाल्या, आधीपेक्षा जोरात. पण महिना काही कुणासाठी थांबत नाही. काकू मुद्दाम सावकाश वाचायला लागल्या. एकेक वाक्य दोनदा वाचायच्या, मध्येच चष्मा शोधायच्या. चष्मा नाकावरच असायचा. तरी शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं आणि दादा न्यायला आला.

भला माणूस होता. दारात अदबीनं उभा राहिला. “चल गं, सामान बाहेर गाडीत ठेवलंय.”

वहिनींनी टेबलावर कात्री ठेवली. ती परत उचलली. “दादा, अजून एक प्रकरण राहिलंय.”

“कसलं?”

काकूंनी मला वर धरलं. छत्रीवाल्या बाईकडे बघून दादा जरा गोंधळला. मग अगदी शहाण्यासारखं बोलला, “एवढंच ना? मग पुस्तक घेऊन चल की. तिकडे निवांत वाच.”

तो बरोबरच बोलत होता. काकूंनी गपचूप मला पुढं केलं. मावशी इस्त्रीकडे बघत राहिल्या, मोठ्या बाई चादरी मोजायला लागल्या आणि चुकल्या.

वहिनींनी मला हातात घेतलं. उघडलं, थोडं चाळलं, आणि परत काकूंच्या हातात दिलं.

“नाही रे दादा,” त्या म्हणाल्या. “इतकं वाईट पुस्तक एकटीनं वाचायचं नसतं.”

दादानं त्यांच्याकडे बघितलं, खोलीतल्या बायकांकडे बघितलं, आणि गाडीतलं सामान उतरवायला बाहेर गेला. म्हटलं ना, भला माणूस होता.

शेवटचं प्रकरण दुसऱ्या दिवशी वाचलं. भाचा म्हणतो, मला पहिल्यापासून सगळं माहीत होतं, आणि दोघं लग्न करतात. “मग दोनशे पानं तोंड शिवून बसला होता का रे!” वहिनी इतक्या जोरात ओरडल्या, की बोळातून जाणारा डॉक्टर डोकावून गेला. सगळ्यांनी मला यथेच्छ झोडपलं आणि त्याच दुपारी पहिल्या पानापासून परत सुरू केलं.

आता माझं मुखपृष्ठ गळून गेलंय. त्या जागी झग्याच्या कापडाचं कव्हर आहे, आणि माझा कणा काकूंनी बंदांच्या दोऱ्यानं शिवलाय. टाके पक्के आहेत. वहिनी अजून कापड बेततात. त्यांच्या दाराशी ते जोडे अजून आहेत. लोक म्हणतात, काढा. त्या म्हणतात, “असू देत. एकट्या बाईच्या दाराशी जोडे असलेले बरे, एका पुस्तकात वाचलंय मी.” आणि दर रविवारी त्यांना पॉलिश करतात.

तुम्हाला एकच विनवणी. मला थोर म्हणू नका, मला ते झेपायचं नाही. माझ्या नायिकेला हव्या तेवढ्या शिव्या द्या, मांजराचं काय झालं ते विचारून मला लाजवा. फक्त वाचताना कुणाची दया येऊन माझा नवरा वाचवू नका. त्याला मरू द्या. त्याच्यासाठी रडताना आपलं माणूस आठवलं, तर रडून घ्या. काकू, चष्मा नाकावरच आहे. करा सुरू.